नमुना द्या, पण उत्तराची तारीख लिहून घ्या

पाऊस उघडला, दोन-चार दिवस ऊन पडलं की इकडं गल्लोगल्ली एकच विषय सुरू होतो, कोणाच्या पेशी (प्लेटलेट) किती उतरल्या. साठ हजारावर आल्या, चाळीस झाल्या, सलाइन लावलंय, पपईच्या पानाचा रस दिला, ड्रॅगन फ्रूट कुठं मिळतंय का बघा. मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी आणि डेंग्यू-तापाची साथ, दोन्ही सोबतच येतात, आणि दोन्हीत माणूस नागवला जातो.

याच दिवसांत मोबाईलवर दोन टाईपचे मेसेज फिरतात. एक पपईवाला, त्याचं सोडून द्या. दुसरा असा की परदेशी संस्था आपल्या गोरगरिबांचं रक्त नेतात, त्यावर लस अन् औषधं तयार करतात आणि मग आपल्यालाच महागात विकतात, त्यामुळं एक थेंबही देशाबाहेर जाऊ देऊ नका, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. हा मेसेज पाठवणारे काही येडे नाहीत हो. शिकलेली माणसं पाठवतात, मास्तर पाठवतात, मला तर एका डॉक्टरनं पण पाठवला होता. आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच त्याच्यावर हसून भागत नाही, नीट बोलावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डासांमधून पसरणाऱ्या विषाणूंवर बाहेरच्या देशांसोबत मिळून काम केल्याशिवाय आपल्याला गत्यंतर नाही, पण आत्ता ज्या पद्धतीनं ते चालतं त्यात ज्या तालुक्यातून रक्त जातं त्या तालुक्याला काहीच परत येत नाही, आणि भांडायचंच असेल तर नमुना अडवण्यासाठी नाही, उत्तर कधी देणार याची तारीख कागदावर लिहून घेण्यासाठी भांडलं पाहिजे.

आता बार्शीचं उदाहरण घ्या. बार्शी कागदोपत्री सोलापूर जिल्ह्यात, पण परंडा-भूम-कळंबच्या माणसासाठी बार्शी म्हणजे घरचीच बाजारपेठ, दवाखाना पण बार्शीचाच. १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, गावातल्या दर तिघांमागं एकाला तरी ताप आणि सांधेदुखी. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं आली, तपास केला, विषाणू वेगळा काढला आणि पुण्याला नेऊन जपून ठेवला. त्यानंतर भारतातून चिकनगुनिया गायबच झाला म्हणा ना, ३२ वर्षं साथ नाही. नवे डॉक्टर तर त्याला पुस्तकातला आजार समजायला लागले होते.

मग २००५-०६ मध्ये तो असा काही परत आला की विचारू नका. मराठवाड्यात तेव्हा घरंच्या घरं आडवी झाली होती, माणसं भिंतीला धरून चालायची, शेतात खुरपायला बाई मिळायची नाही. देशभरात संशयित रुग्णांचा सरकारी आकडाच १३ लाख ९० हजारांच्या आसपास गेला. तेव्हा प्रश्न असा होता की हा बार्शीवालाच जुना विषाणू झोपेतून उठला की दुसराच कुठला तरी आलाय? हे कळलं कशामुळं, तर पुण्यात १९६३ आणि १९७३ चे जुने विषाणू राखून ठेवलेले होते म्हणून आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या लोकांनी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या विषाणूची सगळी जनुकीय माहिती जगासमोर उघडी ठेवली म्हणून. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की जुना होता आशियाई प्रकारातला आणि हा नवा आहे आफ्रिकेतल्या प्रकारातला, रियुनियनचा सख्खा भाऊ. आणि गंमत म्हणजे दौंड तालुक्यातल्या यवतला २००० साली पकडलेल्या डासांमध्ये हाच आफ्रिकी प्रकार निघालेला होता, म्हणजे पाव्हणा पाच-सहा वर्षं आधीच घरात येऊन बसला होता आणि आपल्याला पत्ताच नाही.

हे एकट्या पुण्याला जमलं नसतं आणि एकट्या पॅरिसलाही नाही. बार्शीच्या त्या जुन्या पेशंटच्या रक्ताशिवाय तर कोणालाच नाही.

पुढचं तर अजून भारी आहे. रियुनियनमध्ये त्या विषाणूत एक बारीकसा बदल झाला, प्रथिनातला एकच घटक बदलला, आणि तो टायगर डासात (एडिस डासाचीच एक जात) जोमानं वाढायला लागला. २००७ मध्ये तोच बदल केरळात सापडला, आणि त्याच उन्हाळ्यात केरळमधून गेलेला एक माणूस इटलीत नातेवाईकांना भेटायला पोचला, तर तिथल्या एमिलिया-रोमान्या भागातल्या छोट्या गावात दोनशेच्या वर लोक आजारी पडले. युरोपातली चिकनगुनियाची पहिली स्थानिक साथ ती. म्हणून मला हसू येतं जेव्हा कोणी म्हणतं की फॉरेनवाले आपल्यावर उपकार म्हणून रिसर्च करतात. कशाचे उपकार? त्यांना आपली भीती वाटते आणि ती बरोबरच आहे. विमानात बसलेल्या माणसाच्या रक्तात काय आहे ते इमिग्रेशनच्या शिक्क्याला कळत नाही. गरज दोघांची आहे तर बोलणी पण बरोबरीच्या नात्यानंच झाली पाहिजेत.

सोबत काम करण्याचा अजून एक फायदा असतो जो आपल्या सरकारला आवडत नाही. बाहेरच्याशी तुलना होते. २००६ मध्ये आपण जवळपास चौदा लाख संशयित रुग्ण मोजले आणि चिकनगुनियानं थेट मेलेला माणूस? सरकारच्या म्हणण्यानुसार शून्य. तिकडं रियुनियन, आठ लाखाच्या आतली वस्ती, त्यांनी अडीचशेच्या आसपास मृत्यू नोंदवले. आता विषाणू एकाच घराण्यातला, मग तिकडं म्हातारी माणसं मरतात आणि इकडं नुसतीच कण्हतात असं कसं होईल. अहमदाबादमध्ये आरोग्य संशोधक दिलीप मावळंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधं काम केलं, महापालिकेच्या मृत्यूनोंदी घेतल्या आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या महिन्यांत दरवर्षीपेक्षा किती जास्त माणसं मेली ते मोजलं. २,९४४ जास्त. एका शहरात. हे सगळे चिकनगुनियानंच गेले असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण शून्य हा आकडा मात्र कोणाच्याच गळी उतरणार नाही. रियुनियनचे आकडे समोर नसते तर हा प्रश्न विचारायचं कोणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

लपवालपवीचं दुसरं उदाहरण पण अहमदाबादचंच निघतं, योगायोग. बापूनगर भागात २०१६ च्या शेवटाला आणि २०१७ च्या सुरुवातीला झिकाचे (हा पण डासाचाच विषाणू, पोटातल्या बाळाला धोक्याचा) तीन रुग्ण सापडले, त्यात गरोदर बाई पण होती. सरकारनं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं मे महिन्यात, आणि तिथल्या लोकांना हे कळलं ते संघटनेनं जाहीर केल्यावर, म्हणजे आपल्या गल्लीतला आजार जिनिव्हाहून समजला. झिकात गरोदर बाईला वेळेवर सांगणं हाच अर्धा उपाय असतो. त्यामुळं ‘बाहेरच्यांना माहिती देऊ नका’ म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा, बाहेर न गेलेली माहिती आपल्यापर्यंत तरी येते का. बहुतेक वेळा ती साहेबाच्या कपाटातच राहते.

आता मेसेजवाल्यांची बाजू. ती पण आहे, आणि पोकळ नाही.

१९७० च्या दशकात दिल्लीत डासांवरचं एक मोठं युनिट होतं, जागतिक आरोग्य संघटना आणि आपली आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) मिळून चालवत होते, पैसा अमेरिकेचा, पीएल-४८० या धान्य-मदत योजनेच्या खात्यातला. म्हणजे ज्या खात्यातून आपल्याकडं मिलो, म्हणजे अमेरिकन ज्वारी, यायचा तेच, इकडच्या म्हाताऱ्या माणसांना दुष्काळातला लाल मिलो अजून आठवतो. ठरलं असं होतं की हरियाणातल्या सोनिपतमध्ये वांझ केलेले एडिस (डेंग्यू-चिकनगुनियावाले) डास सोडायचे आणि डासांची पैदास घटते का बघायचं. कल्पना चांगलीच होती. पण पत्रकारांनी प्रश्न उचलला की भारतात माणसं मरू लालीत मलेरियानं, मग मलेरियाचा डास सोडून यांना एडिसमध्येच एवढा इंटरेस्ट काहून? एडिस पीतज्वर पसरवतो, पीतज्वर भारतात नाही, मग ही जैविक युद्धाची तयारी तर नाही ना? प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं, १९७५ मध्ये समितीनं कडक ताशेरे मारले, डास सोडायचा कार्यक्रम रद्द आणि युनिट पण गुंडाळलं.

जैविक युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही. पण ‘आमचा प्रश्न कोणता हे तुम्ही ठरवणारे कोण’ हा सवाल शंभर टक्के बरोबर होता, आणि त्याचं उत्तर वेळेवर सरळ भाषेत कोणी दिलं नाही म्हणून सगळंच बुडालं. नुकसान कोणाचं झालं? एडिसच्या संशोधनात आपण कित्येक वर्षं मागं पडलो आणि पुढच्या तीस वर्षांत त्याच एडिसनं गावोगाव डेंग्यू नेला.

त्याच्याही आधीचं बघा, आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच मुलखातल्या सिकंदराबादला १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. तो डास ज्या पेशंटला चावून आला होता त्याचं नाव हुसेन खान, चावणाऱ्या डासामागं एक आणा मिळायचा त्याला. रॉसला नोबेल मिळालं. तो काळ वेगळा होता हे मान्य, पण आजही पेपरात नावं कोणाची येतात, तळटीपेत आभार कोणाचे आणि ज्या आशाताईनं उन्हात फिरून पेशंट शोधून दिला तिचं नाव कुठं, हे बघितलं तर आण्याच्या जागी प्रवासभत्ता आलाय एवढाच फरक वाटतो कधी कधी.

तरी पण सोबतीचं काम नीट झाल्याचंही उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते विसरून चालणार नाही. पुण्याचं तेच व्हायरस रिसर्च सेंटर, आज ज्या संस्थेला एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) म्हणतात, ती १९५२ मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढली. सुरुवातीचे डायरेक्टर अमेरिकन होते. पण नमुने पॅक करून न्यूयॉर्कला पाठवत बसायचं असं झालं नाही. लॅब इथं बांधली, माणसं इथली शिकवली, आणि १९६७ मध्ये फाउंडेशननं हात काढून घेतला तेव्हा संस्था बंद पडली नाही, आयसीएमआरच्या पैशावर चालू राहिली, पुढं डॉ. खोर्शेद पावरींसारख्या डायरेक्टर तिला मिळाल्या. आज देशभरातल्या सेंटिनल (साथीवर नजर ठेवणाऱ्या) हॉस्पिटलांना डेंग्यू-चिकनगुनियाच्या रक्ततपासणीची एलायझा किट जातात ती याच संस्थेची. मला कोणी विचारलं की परदेशी भागीदारी चांगली की वाईट कशावरून ठरवायचं, तर मी हेच सांगीन, बाहेरचा माणूस निघून गेल्यावर मागं काय उरतं ते बघा. फ्रीज, मशीन, शिकलेली माणसं उरत असतील तर ठीक. नुसता बॅनर उरत असेल तर दरवाजा दाखवा.

आणि बाहेरचा माणूस जातोच, हे पण धरून चाला. अमेरिकेच्या एनआयएचनं (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) २०२० मध्ये नव्या साथींच्या अभ्यासासाठी देशोदेशीच्या केंद्रांचं जाळं उभं केलं, २०२५ मध्ये पैसे बंद केले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं जागतिक आरोग्य संघटनेतूनच बाहेर पडायचं जाहीर केलं. तिथल्या निवडणुकीवर आपल्या तालुक्याची तापाची लॅब अवलंबून ठेवायची का? मला तर नाही पटत.

बरं आता मुद्द्याचं, आपल्याकडचा प्रश्न नेमका काय आहे. मी म्हणतो मराठवाड्याचा डेंग्यू हा पाण्याचा आजार आहे. पावसाचा कमी, टंचाईचा जास्त. एडिस डास गटारीत अंडी घालत नाही, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं, आणि साठवलेलं पाणी आपल्यापेक्षा जास्त कोणाकडं असणार? लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जायकवाडीसारखं धरण उशाला असून संभाजीनगरात कित्येक वस्त्यांमध्ये नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येत आलंय. मग माणूस काय करतो, जे दिसेल ते भरून ठेवतो. निळे ड्रम, हौद, रांजण, टोप, गच्चीवरची झाकण फुटलेली टाकी, बाथरूममधल्या बादल्या, इतकंच काय पाण्याच्या भीतीनं कुकर सुद्धा.

आणि मग आरोग्य खात्याचं पोस्टर येतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून पुसून वाळवा. सल्ला शास्त्रानं एकदम बरोबर आहे, अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात म्हणून तो आठवड्याचा हिशोब. पण ज्या घरी पाणीच आठव्या-दहाव्या दिवशी येतं त्या बाईनं सातव्या दिवशी ड्रम ओतून द्यायचा का? आणि मग तीन दिवस प्यायचं काय? ती बाई ड्रम ओतणार नाही, आणि तिचं चूक नाही. त्यात एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, पाणी भरलं की पुन्हा जिवंत. म्हणजे नुसतं ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, त्यालाही पाणीच लागतं.

हा प्रश्न बोस्टनच्या लॅबला सुचणार नाही, त्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. सुचला तर बार्शीच्या, लातूरच्या, जालन्याच्या माणसाला सुचेल. म्हणून माझा आग्रह असा की इकडं कोणतीही परदेशी भागीदारी येणार असेल तर पाणी किती दिवसांनी येतं आणि डेंग्यू किती होतो याचा वॉर्डनिहाय हिशोब त्या कामात असलाच पाहिजे. पाण्याचं वेळापत्रक महापालिकेकडं आहे, तापाचे रिपोर्ट आरोग्य खात्याकडं, दोन्ही टेबल एकाच इमारतीत असतात बऱ्याचदा, पण दोघांची भेट नाही. उद्या त्यातून असं दिसलं की दहा दिवसांऐवजी चार दिवसांनी पाणी दिल्यावर साथ निम्म्यावर येते, तर तो पाणीपुरवठा योजनेचा केवढा मोठा पुरावा होईल विचार करा. आणि नाही दिसलं तरी कळेल की पैसा दुसरीकडं लावावा, झाकणांवर, जाळ्यांवर. आत्ता तर काय चाललंय, साथ आली की धुरळणीची गाडी, गाडीसमोर नगरसेवकाचा फोटो, आणि घरात कपाटामागं बसलेला डास मजेत.

दुसरा असाच खास आपला प्रश्न उन्हाचा. वोल्बाकिया नावाचा एक जिवाणू आहे, तो एडिसच्या शरीरात घातला की डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही आणि मादीकडून पिल्लांमध्ये तो आपोआप उतरतो. इंडोनेशियात योग्याकार्ता शहरात याची मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापून आला, डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलं. आपल्या आयसीएमआरच्या पुद्दुचेरीतल्या केंद्रानं ऑस्ट्रेलियाच्या मोनाश युनिव्हर्सिटीकडून अशा डासांची अंडी आणून भारतीय एडिसमध्ये तो जिवाणू उतरवला, म्हणजे सोनिपतला जे अर्धवट राहिलं त्याचाच हा पुढचा अवतार म्हणा. लई चांगलं काम आहे. पण योग्याकार्तात वापरलेल्या वाणाला उष्णता सोसत नाही, पाणी दिवसा ३७ अंशांच्या आसपास तापायला लागलं की डासातला जिवाणू घटत जातो हे प्रयोगात दिसलंय. मलेशियात म्हणून दुसरा, उन्हाला टिकणारा वाण वापरला. पुद्दुचेरीत दोन्ही वाणांवर काम झालंय. आता सांगा, परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याच्या शेडखालच्या ड्रममधलं पाणी किती तापत असेल? ते इथंच मोजावं लागेल. योग्याकार्ताचा निकाल जसाच्या तसा उचलून इथं आणला आणि फसला तर लोक म्हणतील बघा, परदेशी डास आणून सोडले होते, आणि पुढची पन्नास वर्षं कोणी डासांचं नावही काढू देणार नाही.

लोकांना आधी सांगणं हे यात सगळ्यात स्वस्त काम आहे आणि तेच होत नाही. ग्रामसभेत जाऊन सांगा, शाळेत मुलांना अळ्या दाखवा, मुकादमांना बोलवा. मुकादम कशाला, तर बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्याच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगली, कर्नाटकापर्यंत, नेमका तापाचा सीझन शेवटाला असताना. कोणाच्या अंगात ताप, उचल घेतलेली म्हणून थांबता येत नाही, जाऊन कोपीवर (झोपडीत) पडतो, तिथं पुन्हा ड्रम आणि घागरी. तो आजारी पडला बीडच्या विषाणूनं, नोंद झाली तर झाली कर्नाटकात, आणि कारखान्याच्या फडात आधीच डास असतील तर तिथून पुढं. आंतरराष्ट्रीय म्हणत आपण विमानतळाच्या गोष्टी करतो, पण आपल्याकडं दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांचे कागद एकमेकांना वेळेत भेटले तरी मोठी गोष्ट होईल.

लसीचं पण थोडं बोलू, कारण मेसेजमध्ये तीच मुख्य भीती असते. जपानी मेंदूज्वराचं उदाहरण मला दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं वाटतं. २००५ मध्ये गोरखपूरकडं हजारावर बळी गेले, बहुतेक लहान लेकरं. तेव्हा वापरता आली ती चीनमध्ये तयार झालेली लस, २००६ पासून ती आणून मोहीम सुरू केली. चीनची म्हणून नको म्हटलं असतं तर अजून लेकरं गेली असती. आणि त्याचवेळी कर्नाटकातल्या कोलारच्या पेशंटमधून पुण्यानं पूर्वी वेगळा काढलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला गेला, त्यावर आपली लस २०१३ मध्ये आली. म्हणजे घाईच्या वेळी बाहेरचं घ्या आणि सोबतच घरचं तयार करत राहा, यात विरोध कुठंय?

डेंग्यूत मात्र सावध राहावं लागतं. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखाच्या वर मुलांना डेंग्यूची लस दिली गेली, आणि २०१७ च्या शेवटी कंपनीनंच सांगितलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही त्यांना लसीनंतर आजार झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकाची अर्धवट ओळख दुसऱ्याच्या वेळी उलटते, त्यातला हा घोळ. तिथं एवढा हलकल्लोळ झाला की लोकांचा गोवराच्या लसीवरचा पण भरवसा उडाला. आता आपल्याकडं अमेरिकेच्या एनआयएचकडून घेतलेल्या विषाणूंच्या वाणांवर पॅनेशिया बायोटेकनं केलेल्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी आयसीएमआरसोबत ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, दहा हजारांच्या वर लोकांवर. चांगली निघो. पण लस यायच्या आधी इकडच्या कोणत्या वयाच्या किती मुलांना डेंग्यू होऊन गेलाय, कोणता प्रकार होऊन गेलाय, हे तालुकावार माहीत असलं पाहिजे, आणि त्यासाठी रक्ताचे नमुने लागणारच. इथं तो ‘एक थेंबही देऊ नका’वाला मेसेज आपल्याच लेकरांच्या मुळावर येतो.

कोणी म्हणेल हे सगळं आता जागतिक करारात आलंय की. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं महामारी करार मंजूर केला, त्यात जंतूंचे नमुने द्यायचे आणि बदल्यात लस-औषधात वाटा मिळायचा, महामारीत उत्पादनाच्या वीस टक्क्यांपर्यंत, असं तत्त्व आहे. पण वाटणीचे खरे नियम ज्या परिशिष्टात यायचे ते तेव्हा पुढच्या चर्चेवर टाकलं, आणि ते ठरल्याशिवाय करार सह्यांना खुला होत नाही. शिवाय तो आहे महामारीसाठी. आपला डेंग्यू महामारी थोडीच आहे, तो दरवर्षीचाच, गणपतीसारखा येतो आणि जातो, त्यात मेलेल्या माणसासाठी जिनिव्हात कोणी बैठक बोलवत नाही. त्यामुळं त्या कराराकडं डोळे लावून बसण्यापेक्षा आपल्या पातळीवरचे छोटे करार कडक केलेले बरे. परदेशी भागीदार असलेलं आरोग्याचं संशोधन आपल्याकडं केंद्राच्या स्क्रीनिंग कमिटीच्या मंजुरीतून जातंच, कॉलेजांच्या एथिक्स कमिट्या आहेतच. नवा कायदा नको. त्या अर्जात अजून एक रकाना टाका: या तालुक्याला काय कळवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

काय कळवायचं म्हणजे काही जगावेगळं नाही. यंदा डेंग्यूचा कोणता प्रकार फिरतोय, मागच्या वर्षीपेक्षा वेगळा आहे का (वेगळा असेल तर दुसऱ्यांदा झालेले पेशंट गंभीर होऊ शकतात, म्हणजे खाटा तयार ठेवायच्या), कोणत्या वस्तीत सुरू झाला, अळ्या ॲबेटला (पाण्यात टाकायचं अळीनाशक) अजून मरतायत की औषध सवयीचं झालंय. एवढं जरी चार आठवड्यांत तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर आलं तरी साथीतच त्याचा उपयोग होतो. आज आपल्याकडं पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा रिपोर्ट सुद्धा कधी कधी पेशंट घरी जाऊन भाकरी खायला लागल्यावर येतो, आणि प्रायव्हेटमध्ये कार्ड टेस्टवर निघालेले शेकड्यानं पेशंट तर हिशोबातच नसतात.

यावर संशोधक लोकांचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे, पेपर छापून आल्याशिवाय माहिती देता येत नाही, आधी बाहेर दिली तर जर्नलवाले घेत नाहीत. हे उत्तर आता चालणार नाही. झिकाच्या वेळी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, जगातल्या मोठमोठ्या जर्नलांनी आणि पैसा देणाऱ्या संस्थांनी मिळून लिहून दिलंय की आरोग्य आणीबाणीत माहिती आधी उघड केली म्हणून पेपर नाकारणार नाही. सह्या करणाऱ्यांत लॅन्सेट होतं, नेचर होतं, वेलकम ट्रस्ट होता. डेंग्यूच्या दरवर्षीच्या साथीला आणीबाणी म्हणायचं की नाही यावर ते वाद घालतील, घालू द्या, पण एक पानाचं मराठीतलं पत्र केजच्या किंवा औशाच्या आरोग्य अधिकाऱ्याला पाठवल्यानं कोणत्या जर्नलचा कोणता नियम मोडतो, हे मला त्यांच्यापैकी कोणीतरी एकदा दाखवून द्यावं.